दिलेला शब्द आणि तो पाळण्याचा अधिकार

वाचकाचे पत्र

मी हिंजवडीतील एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर सल्लागार कंपनीत सहा वर्षांपासून काम करते आणि सध्या एका अमेरिकन विमा कंपनीच्या प्रकल्पावर टीम लीड आहे. दोन वर्षांपूर्वी हे काम घेताना आमच्या डिलिव्हरी हेडनी (प्रकल्प पार पाडण्याची जबाबदारी असलेल्या वरिष्ठांनी) मला तीन गोष्टींचा शब्द दिला होता : प्रकल्प मार्गी लागला की आर्किटेक्ट म्हणून बढती, वर्षभरात ऑनसाइट, म्हणजे अमेरिकेत क्लायंटकडे जाऊन काम, आणि मध्येच सोडून न गेल्यास दोन हप्त्यांत रिटेन्शन बोनस. पहिला टप्पा नोव्हेंबरात लाइव्ह गेला, म्हणजे प्रत्यक्ष वापरात आला, आणि आता दुसऱ्या टप्प्याची नवी वर्क ऑर्डर आली आहे. बोनसचा पहिला हप्ता मिळाला, मात्र मार्चअखेरच्या दुसऱ्या हप्त्याबद्दल विचारले की ‘प्रकल्प अजून संपला कुठे?’ असे उत्तर येते. बढती ‘पुढच्या सायकलला’ आहे आणि ऑनसाइटचे कुणी नावही काढत नाही. हे मी एक वेळ गिळले असते, पण डिसेंबरात टीममधली दोन मुले राजीनाम्याच्या बेतात असताना साहेबांच्या सांगण्यावरून मीच त्यांना ‘एप्रिलमध्ये चांगली वाढ आहे, थांबा’ असे सांगितले. एकाने तर हातातली ऑफर नाकारली. एप्रिलमध्ये सगळ्यांचीच वेतनवाढ सहा महिने पुढे ढकलल्याचा ईमेल आला आणि आता ती मुले माझ्याशी कामापुरतेच बोलतात. घराचा हप्ता चालू आहे. नवरा म्हणतो, सगळीकडे हेच असते. मी राजीनामा द्यावा, तक्रार करावी की वाट पाहावी? आणि त्या दोघांना काय सांगू? बोनसपत्राचा फोटो नाव झाकून सोबत जोडला आहे.

ता. क. : ऑगस्टमध्ये माझ्याच जुन्या कॉलेजात कॅम्पस भरतीसाठी बोलायला जावे, असे एचआरने सुचवले आहे. जाऊ का?

– एक वाचक, वाकड

उत्तर

सस्नेह नमस्कार.

तुमचे पत्र आणि बोनसपत्राचा फोटो, दोन्ही नीट वाचले. अशाच कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात मी अनेक वर्षे काढली आहेत, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिलेले आहे, असे समजून वाचा. राजीनामा, तक्रार की प्रतीक्षा, याचे माझे उत्तर सरळ आहे : नोकरी शोधायला आजच सुरुवात करा, राजीनामा मात्र आज देऊ नका, आणि तक्रार फक्त एकाच गोष्टीची करा. असे का, ते समजण्यासाठी तुम्हाला दिलेली तिन्ही आश्वासने एकमेकांपासून सुटी करावी लागतील, कारण तुम्ही ती एका गाठोड्यात बांधली आहेत आणि त्यामुळे जे तुमच्या हक्काचे आहे तेही तुम्ही मेहेरबानी मागितल्यासारखे मागत आहात.

आधी बोनस. तुमच्या बोनसपत्रातल्या दुसऱ्या परिच्छेदाकडे तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही. हप्ता ‘प्रकल्पाच्या यशस्वी पूर्ततेनंतर’ मिळेल असे पुढे म्हटले आहे खरे, पण प्रकल्प म्हणजे नेमके काय, हे त्या परिच्छेदात आधीच सांगून ठेवले आहे : जुन्या प्रणालीतील विमा पॉलिसींची माहिती नव्या प्रणालीत हलवणे. हे काम, तुम्हीच लिहिता त्याप्रमाणे, नोव्हेंबरात पूर्ण होऊन लाइव्ह गेले. आज तुम्ही करत आहात ते दुसऱ्या वर्क ऑर्डरचे काम आहे, ज्याचा त्या पत्रात उल्लेखही नाही. ‘व्यवस्थापनाच्या विवेकाधीन’ हे शब्द अशा पत्रांत हटकून असतात, तेही तुमच्या पत्रात नाहीत. बहुधा कुणाच्या तरी नजरेतून सुटले असावेत, पण सुटले ते तुमच्या पथ्यावरच पडले. देय तारखेला कर्मचारी सेवेत असावा आणि त्याचा नोटीस कालावधी सुरू नसावा, ही अट मात्र स्पष्ट आहे आणि ३१ मार्चला तुम्ही ती पूर्ण करत होता. थोडक्यात, ही रक्कम तुमचे येणे आहे. येणे वसूल करण्यासाठी दिवाणी दावा लावायची वेळ आलीच, तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे देय तारखेपासून तीन वर्षांचा अवधी असतो, तेव्हा घायकुतीला येण्याचेही कारण नाही. दावा लावा असे मी सुचवत नाही, पण आपल्या पाठीशी काय आहे हे ठाऊक असलेल्या माणसाच्या ईमेलची भाषा आपोआप वेगळी होते.

तो ईमेल याच आठवड्यात पाठवा. डिलिव्हरी हेडना नव्हे, तर बोनसपत्रावर ज्यांची सही आहे त्या एचआर अधिकाऱ्यांना, आणि डिलिव्हरी हेडना फक्त प्रत. इंग्रजीत लिहाल, पण आशय साधारण असा ठेवा : “३१ मार्च रोजी देय असलेला रिटेन्शन बोनसचा दुसरा हप्ता मला अद्याप मिळालेला नाही. पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात नमूद केलेले काम नोव्हेंबरमध्ये पूर्ण झाले असून देय तारखेला मी सेवेत होते व नोटीस कालावधीत नव्हते. हा हप्ता कोणत्या महिन्याच्या वेतनासोबत जमा होईल, ते कृपया कळवावे.” एवढेच. निष्ठा, रात्रीचे क्लायंट कॉल, आजारपणात लॅपटॉप उघडून केलेले काम, यांतले काहीही त्यात येऊ देऊ नका. ते सगळे खरे असले तरी त्याने पत्र विनंतीअर्जासारखे होते, आणि विनंतीला ‘बघू’ असे उत्तर देता येते. कोणत्या महिन्यात जमा होईल, या प्रश्नाला तसे उत्तर देणे अवघड जाते.

बोनसपत्रात एक खाच आहे, ती आत्ताच दाखवून ठेवतो. प्रत्येक हप्ता मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत राजीनामा दिल्यास तो परत करावा लागेल, असे शेवटून दुसरे कलम सांगते. पहिल्या हप्त्याची ही मुदत केव्हाच उलटली आहे. दुसरा हप्ता मात्र हातात पडला की पुढचे सहा महिने तुम्ही बांधल्या जाल. शिवाय अशी वसुली होते तेव्हा कंपन्या सहसा पूर्ण रक्कम मागतात, तर तुमच्या खात्यात आलेली असते ती कर कापून. समजा हप्ता तीन लाखांचा आहे आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहात, तर उपकर धरून ९३,६०० रुपये कापले जाऊन तुम्हाला २,०६,४०० मिळतात आणि परत मागितले जातात ते तीन लाख. तेव्हा हप्ता मिळणार असे दिसू लागले की वसुली निव्वळ रकमेची होईल की पूर्ण, हे लेखी विचारून घ्या. असली कलमे कोर्टात टिकत नाहीत, असे तुम्हाला कँटीनमध्ये कुणीतरी छातीठोकपणे सांगेल. त्यावर विसंबू नका. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, ठरलेली तीन वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याने दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. बँक सरकारी होती आणि भरतीच्या खर्चाचा मुद्दा त्यात महत्त्वाचा होता हे खरे, पण ‘बाँड म्हणजे नुसता कागद’ असे समजून चालण्याचे दिवस आता राहिले नाहीत. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ तुम्हाला संरक्षण देते ते वेगळ्या ठिकाणी : नोकरी सोडल्यानंतर अमुक कंपनीत जाऊ नये, असे बंधन सर्वसाधारणपणे निरर्थक ठरते. क्लायंटची गोपनीय माहिती सांभाळण्याचे बंधन मात्र त्यानंतरही कायम राहते.

आता बढतीकडे वळू, आणि इथे जरा थांबावे लागेल, कारण तुमचा खरा संताप याच गोष्टीचा आहे आणि इथेच तुमचा आडाखा चुकतो आहे, असे मला वाटते. तुम्ही समजता की काम उत्तम केले तर बढती मिळेल आणि ती मिळाली नाही म्हणजे साहेबांनी तुमच्या कामाची कदर केली नाही. सल्लागार कंपनीत हिशेब असा चालत नाही. क्लायंटबरोबरच्या करारात दरपत्रक ठरलेले असते, म्हणजे लीडच्या तासाला इतके डॉलर, आर्किटेक्टच्या तासाला इतके, आणि कोणत्या पदावर किती माणसे लावायची हेही. तुम्हाला आर्किटेक्ट केले तर तुमचा पगार त्याच महिन्यात वाढतो, पण करार नव्याने होईपर्यंत क्लायंट तुमच्यासाठी लीडचाच दर मोजतो. मधला फरक प्रकल्पाच्या नफ्यातून जातो, आणि डिलिव्हरी हेडचे स्वतःचे वर्षअखेरचे मूल्यमापन त्या नफ्यावर ठरते. म्हणजे ज्या माणसाने तुम्हाला बढतीचा शब्द दिला, तो शब्द पाळला तर भुर्दंडही त्यालाच बसणार, अशी ही रचना आहे. दुसऱ्या एखाद्या अकाउंटवर, म्हणजे दुसऱ्या क्लायंटच्या कामावर, आर्किटेक्टची जागा असेलही, पण तिथे जाण्यासाठी आधी तुम्हाला इथून रिलीज व्हावे लागेल, आणि क्लायंट तुमच्या नावाने ओळखत असलेल्या लीडला मोकळे करण्याची त्यांना काय घाई? तुम्ही जितक्या अपरिहार्य व्हाल तितकी तुमची बढती त्याच प्रकल्पात दूर जाते. हे अन्यायाचे आहे, यात शंका नाही, पण हा अन्याय तुमच्या कामाच्या दर्जावरचा शेरा नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस उगाच स्वतःला कमी लेखू लागतो.

मग डिलिव्हरी हेड खोटे बोलले का? मला तसे वाटत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. त्यांना प्रकल्प उभा करायचा होता, तुम्ही हव्या होता, आणि दोन वर्षांनी सगळे जमून येईल असे त्यांनाही वाटले असणार. दोष वेगळा आहे : जो निर्णय वित्त विभाग, बिझनेस युनिटचे प्रमुख आणि क्लायंटचा करार मिळून घेतात, तो स्वतःच्या खिशात असल्यासारखा त्यांनी वाटला. वेतनवाढीचेही तसेच असते. डिलिव्हरी हेड शिफारस करतो, ती बेल कर्व्हमध्ये, म्हणजे कोणत्या श्रेणीत किती जण याच्या ठरलेल्या प्रमाणात, बसवली जाते, मग एकूण किती टक्के रक्कम वाटायची ते वित्त विभाग ठरवतो, आणि एखाद्या तिमाहीचे आकडे बिघडले की एका ईमेलने साऱ्या कंपनीची वाढ सहा महिने मागे सरकते. डिसेंबरात ‘एप्रिलमध्ये चांगली वाढ आहे’ असे ठामपणे म्हणण्याजोगी माहिती त्यांच्याकडे असण्याची शक्यताच नव्हती. हे कळण्याइतका अनुभव मात्र त्यांच्यापाशी निश्चित होता, आणि म्हणून मी त्यांना निर्दोषही मानत नाही.

तोंडी आश्वासनाला कायद्यात किंमत नाही, असे नव्हे. आपला करार कायदा तोंडी करारही मानतो. पण ‘प्रकल्प मार्गी लागला की बढती’ या वाक्यात तारीख नाही, पगार नाही, पदाचा नेमका दर्जा नाही, तेव्हा कोर्टाने अंमलात आणायचे तरी काय? त्यामुळे या आश्वासनाच्या मागे वकील लावण्यात पैसे घालवू नका. त्याऐवजी साहेबांची अर्ध्या तासाची वेळ मागून घ्या आणि ‘कधी’ हा प्रश्न सोडून बाकीचे विचारा. या बढतीवर अंतिम सही कुणाची असते? ते पद या अकाउंटच्या मंजूर खर्चात आहे का, नसेल तर कोणत्या अकाउंटमध्ये आहे? तिथे जाण्यासाठी मला रिलीज करण्याची तारीख तुम्ही ठरवाल का? ‘कधी’ला ‘लवकरच’ हे उत्तर पुरते, या प्रश्नांना ते पुरत नाही. बैठक संपल्यावर जे बोलणे झाले ते चार ओळींत त्यांना ईमेलने कळवा. उत्तर आले तर उत्तम, न आले तरी तुम्हाला हवे ते कळले. या बैठकीत आवाज चढवू नका आणि डोळ्यांत पाणी आले तर त्याचा संकोचही करू नका. पाणी प्या आणि पुढचा प्रश्न विचारा.

ऑनसाइटचा विषय मात्र मनातून काढून टाका. दोन वर्षांपूर्वी तो शब्द कदाचित प्रामाणिकपणे दिला असेल, पण अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या एच-१बी (नोकरीसाठीच्या व्हिसाच्या) अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले, म्हणजे माणशी ऐंशी लाख रुपयांहून अधिक. एवढा खर्च मध्यम आकाराची कंपनी एका टीम लीडसाठी करील, असे कुणी पुन्हा सांगू लागले तर ते कोपराला गूळ लावणे आहे, हे ओळखून असा.

तुमचे यजमान ‘सगळीकडे हेच असते’ म्हणतात, त्यात तथ्य आहे. डेनिस रूसो आणि सँड्रा रॉबिन्सन या दोन संशोधिकांनी अमेरिकेतील व्यवस्थापन शाखेच्या पदवीधरांचा अभ्यास करून १९९४ मध्ये असे दाखवले होते की नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांतच निम्म्याहून अधिक जणांना मालकाने शब्द मोडल्याचा अनुभव आला होता. तेव्हा हे हिंजवडीपुरते नाही आणि आजचेही नाही. पण यातून ‘म्हणून इथेच राहा’ असा निष्कर्ष निघत नाही. नवी कंपनीही शब्द मोडील, असे गृहीत धरून चाला, आणि म्हणून तिथे जाताना जे हवे ते ऑफर लेटरवर उतरवून घ्या : पद, निश्चित वेतन, बदलते वेतन किती आणि ते कशावर अवलंबून, आणि जॉइनिंग बोनस असल्यास त्याच्या परतफेडीची मुदत. सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाच्या, आकड्याला भुलू नका. भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा आणि मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के दराने ग्रॅच्युइटी त्यात मिळवून तो आकडा फुगवलेला असतो, आणि बदलते वेतन शंभर टक्के मिळेल असे धरून बेरीज केलेली असते.

आता शोध कुठे घ्यायचा? तुमच्यापाशी विमा क्षेत्राचे खोल ज्ञान आहे आणि त्याची किंमत दुसऱ्या सल्लागार कंपनीपेक्षा विदेशी बँका आणि विमा कंपन्यांनी पुण्यात थाटलेल्या त्यांच्या स्वतःच्या केंद्रांत अधिक आहे, असे माझे मत आहे. खराडी आणि बालेवाडी-बाणेर पट्ट्यात अशी केंद्रे बरीच आहेत. तिथे क्लायंटचे दरपत्रक मध्ये येत नाही, त्यामुळे बढतीची कोंडी वेगळ्या कारणांनी होते पण या कारणाने होत नाही. अडचण नोटीस कालावधीची येईल. तुमचा नव्वद दिवसांचा आहे आणि समोरचे लोक तीस दिवसांत या म्हणतील. उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटका मिळते का, हे आपल्या नियुक्तिपत्रात पाहून ठेवा, कारण काही पत्रांत तो पर्याय कर्मचाऱ्याला असतो आणि काहींत फक्त कंपनीला. घराचा हप्ता चालू असताना हातात ऑफर नसेल तर राजीनामा नको, हे वेगळे सांगायला नको.

ऑफर हातात येईल तेव्हा एक गंमत होईल. जी बढती दोन वर्षे अशक्य होती, ती राजीनामा पाहताच दोन दिवसांत शक्य होईल. अशी काउंटर ऑफर नाकारावी, असे मी सरसकट म्हणत नाही, पण ती बढतीच्या सहीशिक्क्याच्या पत्रासह आणि चालू महिन्यापासून असेल तरच विचारात घ्या, आणि तरीही माझे मत विचाराल तर निघा. त्या अकाउंटमध्ये तुमच्या पगाराचा भुर्दंड कुणाला बसतो, हे गणित राजीनाम्याने बदललेले नसते.

जाताना काय पदरात पडते, तेही जाणून घ्या. पाच वर्षांहून अधिक सेवा झाल्याने तुम्ही ग्रॅच्युइटीला पात्र आहात. मूळ वेतन ५० हजार धरले तर त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचे आणि सहा वर्षांनी गुणायचे, म्हणजे सुमारे १ लाख ७३ हजार रुपये होतात, आणि ते देय झाल्यापासून तीस दिवसांत मिळायला हवेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांतील वेतन संहितेप्रमाणे नोकरी सोडल्यावर थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते. ‘फुल अँड फायनलला (अखेरच्या हिशेबाला) पंचेचाळीस दिवस लागतात’ हे जुने पालुपद एचआरने ऐकवले, तर या तरतुदीची नम्रपणे आठवण करून द्या. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने नोंदवली नाही, तर शेवटचा भरणा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पोर्टलवर नोंदवू शकता, त्यासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नाही. आपली नियुक्तिपत्रे, पगारपत्रके, फॉर्म १६, मूल्यमापनाचे शेरे आणि बोनसपत्र यांच्या प्रती आत्ताच घरी ठेवा. पण क्लायंटचे साइन-ऑफ किंवा प्रकल्पाची कागदपत्रे चुकूनही स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. काम नोव्हेंबरात पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून तो मोह होईल, आणि तेवढे एक कारण कंपनीला तुमच्याविरुद्ध पुरेल. त्यापेक्षा तारखा वहीत लिहून ठेवा.

तक्रारीबद्दल थोडक्यात. बोनसच्या ईमेलला महिनाभरात उत्तर आले नाही, तर कंपनीच्या अंतर्गत तक्रार निवारण यंत्रणेकडे तोच मजकूर द्या, आणि तिथेही हात वर केले तर एखाद्या कामगार-कायदा जाणणाऱ्या वकिलाची एकरकमी फी भरून नोटीस पाठवा. बहुतेक प्रकरणे नोटिशीच्या पुढे जात नाहीत. कामगार आयुक्तांकडे जाण्यात तुमच्या बाबतीत एक अडथळा आहे : पर्यवेक्षकाचे काम करणारी आणि महिना १८ हजारांहून अधिक वेतन घेणारी व्यक्ती औद्योगिक संबंध संहितेतील ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही, आणि तुम्ही लीड असल्याने कंपनी हाच मुद्दा पुढे करील. तुम्ही प्रत्यक्षात दिवसभर कोड लिहिता की माणसे सांभाळता, यावर मग वाद रंगेल. पुण्यात ‘नाइट्स’ ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अशा बाबतीत मार्गदर्शन करते, तिच्याशी बोलायला हरकत नाही. बढतीसाठी मात्र या वाटेने जाऊ नका.

आता त्या दोन मुलांकडे येतो. तुम्ही पत्रात हा प्रश्न शेवटी विचारला आहे, पण झोप याच प्रश्नाने उडाली असावी, असे ओळींमधून जाणवते.

त्यांना एकेकटे बोलवा, ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये नव्हे, बाहेर चहाला. दोघांना एकत्र बोलावू नका, कारण एकाचे नुकसान दुसऱ्याहून मोठे आहे आणि ज्याने ऑफर नाकारली त्याला दुसऱ्यासमोर समजूतदारपणा दाखवावा लागेल. त्याला सांगा की डिसेंबरात मी जे बोलले ते मला वरून सांगितले गेले होते, पण ते मी माझ्या नावावर सांगितले, म्हणजे माझ्या शब्दावर तू थांबलास, आणि ते चुकीचे ठरले याबद्दल मी तुझी माफी मागते. त्यानंतर गप्प बसा. मलाही फसवले, माझीही बढती अडली, मी तरी काय करणार, हे सगळे त्याच्यापुढे मांडण्याची अनावर इच्छा होईल. ते खरे असले तरी त्या चहाच्या टेबलावर नको, नाहीतर त्याला तुमचे सांत्वन करत बसावे लागेल. तो चिडला तर चिडू द्या. डिलिव्हरी हेडचे नाव घेऊन त्यांच्यावर खापर फोडू नका, कारण ती मुले उद्या त्यांच्याच हाताखाली काम करणार आहेत. मात्र त्याने थेट विचारले, ‘ऑक्टोबरला तरी वाढ नक्की आहे का?’, तर ‘मला माहीत नाही’ हेच उत्तर द्या. ‘बहुतेक होईल’ असे म्हणू नका. त्या ‘बहुतेक’मधून त्याला ‘नक्की’ ऐकू येईल.

तुमच्या हातात त्यांना देण्याजोगे पैसे नाहीत, पण काही गोष्टी खरोखर तुमच्या अधिकारात आहेत आणि त्या करता येतील. त्यांच्या मूल्यमापनात ‘चांगले काम केले’ असा मोघम शेरा न लिहिता कोणते मॉड्यूल कुणी एकट्याने उभे केले, ते नावानिशी लिहा. दुसऱ्या अकाउंटवर जायचे असेल तर टीम अडचणीत येईल म्हणून रिलीज अडवून धरू नका. जे साहेबांनी तुमच्याशी केले तेच तुमच्या हातून त्यांच्याशी होण्याचा धोका नेमका इथे आहे. मुलाखतीसाठी अर्धा दिवस मागितला तर कारण विचारू नका, आणि राजीनामा आलाच तर नोटीस कालावधी कमी करण्याची शिफारस करा. ज्या कंपनीची ऑफर त्याने नाकारली, तिथल्या भरती विभागाला त्याने पुन्हा एक ईमेल टाकायला हवा, हेही सुचवा. जागा भरली गेली असेल कदाचित, पण डिसेंबरात निवडलेल्या उमेदवाराला उन्हाळ्यात पुन्हा बोलावल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि मुले संकोचामुळे हे करत नाहीत.

आणि यापुढे साहेब पुन्हा म्हणाले की ‘अमुक जण जायच्या बेतात आहे, त्याला जरा सांगून बघ’, तर नकार देऊ नका, भांडूही नका. “सांगते, पण आकडा आणि महिना तुम्ही मला ईमेलवर द्या, म्हणजे मी तोच पुढे पाठवते,” इतके म्हणा. आकडा खरा असेल तर ईमेल येईल. नसेल तर विषय तिथेच मिटेल आणि तुम्हाला कुणाच्याही तोंडाला पाने पुसावी लागणार नाहीत.

ताजा कलमातल्या प्रश्नाचे उत्तरही याच्याशीच जोडलेले आहे. कॅम्पसला जायला हरकत नाही, उलट तुमच्यासारखी व्यक्ती गेलेली मला आवडेल, कारण तिथे बसलेल्या मुलांना हे क्षेत्र आतून कसे आहे, हे सांगणारे कुणी भेटत नाही. मोठ्या कंपन्यांत नवोदितांचे वार्षिक वेतन गेले दशकभर साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळले आहे, आणि २०२२ नंतर तर ऑफर लेटर हातात असलेल्या अनेक मुलांना रुजू होण्यासाठी महिनोन् महिने ताटकळावे लागले. तुमच्या कॉलेजातही अशी मागच्या बॅचची मुले असतील. तेव्हा जाण्याआधी एचआरकडून तीन गोष्टी लेखी घ्या : निवड झालेल्यांना रुजू होण्याची तारीख ऑफर लेटरवर मिळेल का, बाँड किती रकमेचा आणि किती मुदतीचा आहे, आणि प्रशिक्षणात अनुत्तीर्ण झालेल्यांचे काय होते. जेवढे लेखी मिळेल तेवढेच व्यासपीठावरून सांगा, आणि एखाद्या विद्यार्थ्याने ऑनसाइटबद्दल विचारले तर स्वतःचा अनुभव रंगवून न सांगता, एच-१बी शुल्काचा तो आकडा सांगा. एचआरला हे मान्य नसेल, तर त्यांनी आपल्यापैकीच कुणाला तरी पाठवावे.